रोजच्या गाडीला कॅम निवडताना: सिग्नलला बंद न पडणारी ताकद

माझ्या मारुती एस्टीमला पहिला बाहेरचा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवला तेव्हा गाळ्याबाहेर गाडी अशी काही घुमत होती की शेजारच्या पंक्चरवाल्यानंही मान वर केली. स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर, धडधड, धडधड. ऐकायला झकास. दुसऱ्या दिवशी सकाळी नवले पुलाच्या उतारावर रांगेत सरकत होतो, एसी चालू. क्लच दाबला की काटा 600 पर्यंत खाली यायचा आणि गाडी मरायची. तीन-चारदा ब्रेक दाबल्यावर पेडल लाकडासारखं कडक झालं. समोर टेम्पो होता, थोडक्यात वाचलो. तो कॅम मी अडीच महिन्यांत उतरवला. नंतर बसवलेला त्याच्यापेक्षा बराच लहान, म्हणजे व्हॉल्व्ह कमी वेळ उघडे ठेवणारा आहे आणि गाडी रोजच्या रस्त्यावर आधीपेक्षा चांगली पळते. मधल्या काळात जे शिकलो ते क्रमानं लिहितो.

आधी गाडी कोणती ते बघा

टर्बो पेट्रोल असेल तर कॅमच्या नादी लागू नका. ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) रीमॅप, म्हणजे त्यातले आकडे बदलणं, कमी पैशात जास्त देतं. डिझेल असेल तर विषयच संपला. हल्लीच्या व्हीव्हीटी इंजिनांत कॅमची वेळ ईसीयू स्वतः चालत्या गाडीत पुढेमागे करतो, तिथे बाहेरचा कॅम घालणं म्हणजे चालत्या संसारात बिब्बा घालणं. जुनी 106 बीएचपीची होंडा सिटी व्हीटेक असेल तर तुमच्या कॅमवर लहान आणि मोठे असे दोन्ही लोब (व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे) कंपनीनंच दिलेले आहेत. त्याला हात लावायचं कारण नाही.

उरतात त्या साध्या, टर्बो नसलेल्या, टायमिंग न बदलणाऱ्या गाड्या. आपल्याकडे त्यातली सर्वांत जास्त खेळली गेलेली म्हणजे मारुतीचं 1298 सीसीचं 16 व्हॉल्व्हचं इंजिन. एस्टीममध्ये ते 6000 आरपीएमला 85 बीएचपी द्यायचं, जिप्सी किंगमध्येही तेच इंजिन थोड्या कमी ताकदीत. एस्टीम 2007 ला बंद झाली, पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्याच्या जुन्या बाजारांत तिचे सुटे भाग अजून सापडतात. उदाहरणं याच जातीच्या इंजिनाची देतोय. तर्क सगळ्यांना लागू पडतो.

पहिली पायरी: काटा कुठे राहतो ते मोजा

कॅम निवडायची सुरुवात कॅटलॉगपासून करू नका. फोन डॅशबोर्डवर असा लावा की आरपीएमचा काटा नीट दिसेल. ऑफिसला जाताना आणि येताना व्हिडिओ घ्या, चार दिवस. रविवारी पळवत बघा आणि एका ठिकाणी दर दहा सेकंदाला काटा कुठे आहे ते कागदावर खूण करत जा. कंटाळवाणं काम आहे, पण आख्ख्या प्रकल्पात फुकट मिळणारी माहिती एवढीच.

माझा कागद असा निघाला: बहुतेक सगळ्या खुणा 1400 ते 2800 च्या मध्ये. एक्सप्रेसवेला पाचव्या गियरमध्ये 100 ला काटा 3000 च्या आसपास. 5000 च्या वर आठवड्यातून मोजून पाच-सहा वेळा, आणि त्यातल्या दोन वेळा केवळ मजा म्हणून. आणि मी कॅम कुठला घेतला होता? 4500 पासून जागा होणारा. म्हणजे ज्या भागात गाडी दिवसभर राहते तिथली ताकद काढून मी ती जिथे कधी जातच नाही तिथे नेऊन ठेवली होती.

दुसरी पायरी: इंजिनाची तब्येत

कॉम्प्रेशन गेज लावा. चारही सिलिंडरमध्ये फार फरक नको, दहा टक्क्यांच्या आत असावा. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढलं तर रिंगा गेल्यात, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. दमलेल्या इंजिनाला कॅम घालणं म्हणजे दमेकऱ्याला बासरी देणं. एअर फिल्टर, एक्झॉस्ट, प्लग, हाय टेन्शन वायरी हे आधी नीट करा. अनेकांचं समाधान इथेच होतं, पुढे जावंच लागत नाही.

कॅमचं कार्ड वाचायला शिका

इथे मात्र सावकाश चला. चांगला कॅम घेतला की सोबत आकड्यांचं कार्ड येतं. कार्ड नसेल तर कॅम घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) अंशांत. लिफ्ट म्हणजे तो किती मिलिमीटर उघडतो. तिसरा आकडा लोब सेपरेशन: इनटेकच्या (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आणि एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) लोबांच्या मध्यांमधलं अंतर, कॅमच्या अंशांत. चौथा इनटेकची सेंटरलाइन, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला गेल्यानंतर किती अंशांनी इनटेक पूर्ण उघडतो.

ड्युरेशनमध्ये फसवणूक सोपी आहे. कोणी व्हॉल्व्ह जेमतेम हलला तिथून मोजतो, कोणी 1 मिलिमीटर उचलल्यावर, अमेरिकन मंडळी 0.050 इंच म्हणजे 1.27 मिलिमीटरला. एकाच कॅमचा जाहिरातीतला आकडा 260 असेल तर 1.27 ला तो 35 ते 50 अंशांनी कमी भरतो. दोन कॅमची तुलना करताना मोजायची उंची एकच आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे बोलूच नका. हा प्रश्न विचारल्यावर समोरचा गोंधळला तर तुम्हाला त्याच्याबद्दल जे कळायचं ते कळलं.

आता ओव्हरलॅप. एक्झॉस्ट बंद होता होता इनटेक उघडतो, दोन्ही थोडा वेळ एकत्र उघडे असतात. त्याचं गणित सोपं आहे: इनटेक आणि एक्झॉस्टचं ड्युरेशन मिळवा, चारनं भागा, त्यातून लोब सेपरेशन वजा करा, उत्तर दुप्पट करा. माझा पहिला कॅम 276 चा आणि सेपरेशन 106. 552 भागिले 4 म्हणजे 138, वजा 106 म्हणजे 32, दुप्पट 64 अंश. सध्याचा 252 चा आणि सेपरेशन 110, त्याचा ओव्हरलॅप येतो 32. बरोबर निम्मा. ती धडधड, तो एसीला मरणारा स्लो, ते कडक पेडल, सगळं या एका आकड्यात होतं आणि मी तो पैसे देण्याआधी पाच मिनिटांत काढू शकलो असतो.

ओव्हरलॅप जास्त असला की स्लोला जळलेला धूर उलटा इनटेकमध्ये शिरतो आणि थोडं न जळलेलं पेट्रोल सरळ एक्झॉस्टला जातं. जोरात फिरताना हाच ओव्हरलॅप सिलिंडर साफ करायला मदत करतो, म्हणून रेसवाल्यांना तो प्यारा. रोजच्या लहान इंजिनाला 40 च्या पुढे मी जाणार नाही. एसी हवाच असेल तर 35 च्या आत राहा.

दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते: इनटेक बंद कधी होतो. पिस्टन खालून वर यायला लागला तरी इनटेक काही अंश उघडाच असतो, आणि तो मिटेपर्यंत दाब तयार होत नाही. सेंटरलाइनमध्ये ड्युरेशनचा अर्धा मिळवा, 180 वजा करा. 252 चा कॅम 108 वर बसवला तर 126 अधिक 108 वजा 180, म्हणजे 54 अंश. माझा जुना 276 चा 106 वर होता: 64 अंश. कंपनीचा समजा 236 चा, 108 वर: 46 अंश.

हे अंश पिस्टनच्या भाषेत मांडू. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 75.5 मिलिमीटर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते) 9:1 धरलं तर 46 अंशांना इनटेक मिटतो तेव्हा सुमारे 67 मिलिमीटर स्ट्रोक शिल्लक असतो आणि खरं कॉम्प्रेशन 8.1 पडतं. 54 ला ते 7.8 होतं. 64 ला उरतो 59 मिलिमीटर, कॉम्प्रेशन 7.3. म्हणजे कॅम बदलून मी न सांगता इंजिन दमवलं होतं. चढावर दुसऱ्या गियरमध्ये गाडी मेल्यासारखी का व्हायची, याचं उत्तर हेच. मोठा कॅम घालणारे लोक हेड फेस करून, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण खालून घासून, कॉम्प्रेशन वाढवतात ते याचसाठी. नुसता कॅम बदलणार असाल, तर लहानच घ्या.

लिफ्टबद्दल थोडक्यात. व्हॉल्व्हच्या व्यासाच्या पाव भागाइतकी लिफ्ट झाली की कडेच्या फटीचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाइतकं होतं. 28 मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला तो आकडा 7. त्यापुढेही फायदा होतो, कारण व्हॉल्व्ह त्या उंचीवर जास्त वेळ थांबतो, पण प्रत्येक जादा मिलिमीटरमागे फायदा आटत जातो आणि स्प्रिंगचा त्रास वाढत जातो. ड्युरेशन जेमतेम आणि लिफ्ट थोडी जास्त, हा रोजच्या गाडीचा खरा सौदा. जाहिरातीच्या मापानं 244 ते 256, सेपरेशन 108 ते 112. दोन कॅममध्ये अडलात तर लहान घ्या. मित्र हसतील, हसू द्या.

व्हॅक्यूम: ब्रेक आणि ईसीयूचा प्रश्न

साधा व्हॅक्यूम गेज घ्या आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) पाइपला टी लावून जोडा. कॅम बदलण्याआधी, गरम इंजिन, स्लोला, एसी बंद आणि एसी चालू, दोन्ही आकडे लिहून ठेवा. मुंबईत निरोगी इंजिन पाऱ्याचे 18 ते 20 इंच दाखवतं. पुणं 560 मीटरवर आहे, तिथे तेच इंजिन दोनेक इंच कमी दाखवेल. हा हवेचा फरक आहे, इंजिनाचा दोष नाही. महाबळेश्वरला फिरायला जाताना गेज लावून जा, चारएक इंच पडलेले दिसतील. ब्रेकच्या बूस्टरला (पेडलला जोर देणाऱ्या डब्याला) हेच व्हॅक्यूम लागतं. त्यामुळे मुंबईत कसाबसा चालणारा कॅम घाटमाथ्यावर ब्रेकच्या बाबतीत धोक्याचा ठरू शकतो.

ईसीयूचीही पंचाईत होते. बऱ्याच मारुतींमध्ये हवा मोजायला मॅप सेन्सर आहे, तो मॅनिफोल्डचा दाब वाचतो. मोठ्या कॅमनं व्हॅक्यूम पडलं की ईसीयूला वाटतं गाडी चढ चढतेय, आणि तो पेट्रोल ओतत बसतो. स्लोला काळा धूर, प्लग काळे, ॲव्हरेज गायब. जवळपास ईसीयू ट्यून करणारा भरवशाचा माणूस नसेल तर मूळ ईसीयूला सोसेल एवढाच कॅम घ्यायचा. 250 च्या आसपास बहुतेक वेळा भागतं. स्लो 850 वरून 950 वर न्यावा लागला तर चालेल, 1100 लागत असेल तर निवड चुकली.

नवा की ग्राइंड केलेला

आपल्याकडे मिळणारे बहुतेक कॅम नव्यानं ओतलेले नसतात. कंपनीचाच कॅम घेऊन त्याचा गोल भाग, म्हणजे बेस सर्कल, घासून लहान करतात. नाक तेवढंच राहतं आणि त्यामुळे लिफ्ट वाढते. यात वाईट काही नाही, पण ग्राइंडरला तीन गोष्टी विचारा. घासल्यावर वरचा कडक थर किती उरतो, आणि नंतर नायट्रायडिंग (वरचा थर पुन्हा कडक करण्याची प्रक्रिया) करणार का? बेस सर्कल किती कमी होईल, आणि तेवढी कसर टॅपेटच्या स्क्रूमध्ये (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट लावायच्या स्क्रूमध्ये) आहे का? चारही सिलिंडरची लिफ्ट मोजून कागदावर देणार का?

दुसऱ्या प्रश्नावर बरेच अडकतात. रॉकर म्हणजे लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणारा आडवा तुकडा; त्याचा स्क्रू शेवटपर्यंत बाहेर आला की रॉकर वाकड्या कोनात बसतो आणि व्हॉल्व्हच्या टोकाला एका बाजूनं खातो. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ही कसर फारच थोडी असते, तिथे ग्राइंड केलेला कॅम टाळा. माझा पहिला कॅम घरी आणून व्ही ब्लॉकवर ठेवला आणि डायल गेज लावला तेव्हा तिसऱ्या सिलिंडरची लिफ्ट इतरांपेक्षा 0.3 मिलिमीटर कमी निघाली. ग्राइंडर म्हणाला, "साहेब, एवढं चालतं." चालत नाही. तो लोब सहा महिन्यांत चाटला असता.

स्प्रिंग आणि प्लास्टिसिन

लिफ्ट वाढली की दोन गोष्टी एकमेकांवर आपटू शकतात. पहिली व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगचे वेढे. स्प्रिंग व्हाइसमध्ये धरून वेढे एकमेकांना टेकेपर्यंत दाबा आणि व्हर्नियरनं उंची मोजा. समजा 25.8 भरली. हेडवर बसवलेली उंची 36 आणि लिफ्ट 9.5, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की स्प्रिंग 26.5 ची होते. हातात उरला 0.7 मिलिमीटर. हे कमी आहे, किमान 1.5 ठेवा. स्प्रिंगच्या वरची टोपी खाली येताना व्हॉल्व्ह सीलला टेकत नाही ना, तेही याच वेळी बघा. पण भीतीपोटी फार कडक स्प्रिंगही घालू नका. कडक स्प्रिंग लोब खाते, रॉकर खाते आणि टायमिंग बेल्टवर ताण टाकते. 6500 च्या पुढे जाणार नसाल तर मध्यम स्प्रिंग पुरते.

दुसरी गोष्ट पिस्टन आणि व्हॉल्व्ह, त्यांच्यात फट किती उरते ते मोजायचं. मुलीच्या खेळण्यातली हिरवी प्लास्टिसिन घेतली, बोटभर जाडीची पट्टी करून पहिल्या पिस्टनवर ठेवली, वर ऑइलचा थेंब फिरवला की व्हॉल्व्हला चिकटू नये. जुनं गॅस्केट घालून हेड कसलं, बेल्ट चढवला, टॅपेटचा गॅप लावला आणि पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला. स्टार्टर मारायचा नाही, हातानंच. कुठे अडलं तर तिथेच थांबा. हेड काढलं, ब्लेडनं पट्टी मधोमध कापली आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियर लावला: इनटेकला 2.3. इनटेकला किमान 2 मिलिमीटर आणि एक्झॉस्टला 2.5 हवेत, एक्झॉस्टला थोडं जास्त कारण तो तापून लांबतो. हे काम कंटाळ्यानं सोडणारे मिस्त्री आहेत. त्यांचं बिल नंतर तुम्ही भरता.

कॅमचे अंश लावणं

पुलीवरच्या खुणा जुळवल्या म्हणजे कॅम बरोबर बसला असं नाही. एक तर घासलेल्या कॅममध्ये लोब इकडेतिकडे सरकलेले असू शकतात. दुसरं, आपल्या जुन्या गाड्यांची हेड एक-दोनदा फेस झालेली असतात. हेड खाली आलं की क्रँक आणि कॅममधलं अंतर घटतं, सुटलेला बेल्ट टेन्शनर ओढून घेतो आणि कॅम मागे पडतो, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात.

क्रँकवर अंशांची चकती बसवा. पिस्टनचं वरचं टोक डोळ्यांनी ठरवू नका. प्लगच्या भोकातून स्टॉपर घाला, क्रँक दोन्ही बाजूंनी टेकेपर्यंत फिरवा आणि दोन आकड्यांचा मध्य घ्या. मग इनटेकवर डायल गेज लावा. लिफ्ट शिखरापासून 1.27 मिलिमीटर खाली असते ते दोन बिंदू शोधा, चढताना आणि उतरताना. समजा 76 आणि 144 आले. मध्य 110. कार्ड म्हणतं 108. कॅम दोन अंश मागे आहे. सरकवता येणाऱ्या पुलीवर एक अंश पुढे घ्या, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. शहरात जास्त चालवणाऱ्यांनी कार्डाच्या दोन-तीन अंश पुढे ठेवलं तर खालची ओढ वाढते, वरचं टोक थोडं आखडतं. मी तसंच ठेवलंय. पुढे घेतल्यावर इनटेकची प्लास्टिसिन पुन्हा तपासा, तो पिस्टनच्या जवळ जातो.

पहिली वीस मिनिटं

रॉकर लोबवर घासत चालत असेल तर लोबांना मोलिब्डेनमची असेंब्ली ग्रीस लावा आणि ऑइल झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं घाला. सुरू होताच स्लोला सोडू नका. काटा 2000 ते 2500 च्या मध्ये वरखाली करत वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, कारण स्लोला लोबवर ऑइल कमी उडतं आणि नवा लोब तिथेच जळतो. म्हणून कूलंट, पेट्रोल, इग्निशन हे सगळं आधीच तयार ठेवा. सुरू करून मग वायर शोधत बसायची ही वेळ नाही. नंतर ऑइल आणि फिल्टर बदला.

ट्यूनिंगला गेलात तर मीटरवर एअर-फ्युएलचा आकडा न बघता लॅम्डा बघा; हवा आणि पेट्रोलचं प्रमाण नेमकं जुळलं की तो 1 असतो. आता पंपावर ई20 मिळतं आणि त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळे जुना 14.7 चा आकडा लागू होत नाही. लॅम्डा 1 हा कुठल्याही पेट्रोलला 1 च असतो.

पीयूसी ही खरी परीक्षा. बीएस-2 आणि बीएस-3 पेट्रोल गाड्यांना स्लोला कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएमच्या आत लागतं. ओव्हरलॅप वाढला की हायड्रोकार्बनचा आकडाच आधी बोंबलतो. कॅम बदलण्याआधीची पावती जपून ठेवा, नंतरची तिच्याशी ताडून बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं, त्यामुळे आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारणा करूनच हात घाला. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

हजार किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट पुन्हा लावा. एखाद्याच टॅपेटचा गॅप इतरांपेक्षा जास्त वाढलेला दिसला तर तो लोब झिजतोय, स्क्रू घट्ट करून पुढे जाऊ नका. जुना ऑइल फिल्टर कापा, आतला कागद पसरून उन्हात धरा. बारीक करडी पूड थोडी असतेच. चमचमणारे कण दिसले तर व्हॉल्व्ह कव्हर त्याच दिवशी उघडा.